लाल की राखाडी

आमचं घर दोन गावांत वाटलेलं होतं. चूल पांढुर्ण्याला आणि माय सौंसरला. माय तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि बाबा इकडं रेल्वेत चावीवाले. चावीवाला म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या वाट्याचे रूळ पायी तपासत जाणारा माणूस. रूळ जिथं ढिला वाटेल तिथली लोखंडी चावी ठोकून घट्ट करायची. दोघांच्याही घराण्यातल्या या पहिल्याच पक्क्या नोकऱ्या, त्यामुळं 'तू सोड' असं कोणी कोणाला म्हणायचा प्रश्नच नव्हता. माय दवाखान्यामागच्या एका खोलीत राहायची आणि बाबा नि मी स्टेशनाजवळच्या क्वार्टरात. मालगाडी गेली की फळीवरची जर्मनची भांडी अंगात आल्यासारखी थरथरायची, आणि गाडी पार पुढं निघून गेल्यावरही एखादी ताटली किणकिणत राहायची. बाबा घास हातात धरून ऐकत बसायचे आणि म्हणायचे, "भरलेली होती." रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांतला फरक त्यांना भिंतीआडून कळायचा. मला कधीच कळला नाही, पण मी मान हलवायची.

स्वयंपाकही बाबाच करायचे. त्या काळी वस्तीत याची चर्चा होती, आणि बाबांना त्या चर्चेचं काही वाटत नसे. लोखंडी कढईत चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, वरून कच्च्या तेलाची धार, बाजूला कांदा बुक्कीनं फोडलेला, आणि ज्वारीची भाकर, जी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पापडासारखी व्हायची. "जाड बाजू तुयी," म्हणायचे, "तुले सायकल चालवा लागते." हिवाळ्यात अंगणात वांगी भाजून भरीत, आणि शेजारच्या संत्र्याच्या गोदामातून पेट्यांना खिळे ठोकल्याचा आवाज दिवसभर. हाताशी संत्री इतकी असायची की आम्हांला त्यांचं कौतुक नव्हतं. आज नागपुराहून कोणी चार संत्री पिशवीत घालून आणतं तेव्हा मला हसू येतं आणि मग लगेच वाईटही वाटतं.

शनिवारी शाळा अर्धी. दुपारी मी बाबांची काळी सायकल घ्यायची आणि मायकडं निघायची. बारावीतली मुलगी, दांडीची सायकल, मागं कॅरियरला पीठ, डाळ, मायच्या धुतलेल्या साड्या. पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता, मध्ये मोहगाव, मग जामसांवलीचा फाटा, मग सौंसर. रविवारी परत, तेव्हा डब्यात मायनं केलेली भरली वांगी आणि तिळाचे लाडू. बस होती, पण बस कधी यायची आणि कधी यायचीच नाही. सुरुवातीला लोक थांबून पाहायचे. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं बाबांना विचारलं, "पोट्टीले एकटी सोडून राहिला का रे रोडनं?" बाबा म्हणाले, "एकटी कायची? शनवारचे अर्धे लोक जामसांवलीले जाऊन राह्यते त्याच रोडनं." आणि खरंच होतं ते. मारुतीच्या दर्शनाला निघालेल्या बायका रस्त्याच्या कडेनं चालत असायच्या, मी घंटी वाजवली की बाजूला सरायच्या आणि ओरडायच्या, "आली पाह्य, नर्सबाईची पोरगी!"

ब्रुनोसाहेब मला ह्याच रस्त्यावर भेटले. सौंसरजवळ एक नवा कारखाना उभा राहत होता, त्यात सूत काढायची मोठाली यंत्रं परदेशाहून आली होती, आणि ती बसवायला इटलीचा हा माणूस आला होता. पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा, उन्हानं विटकरीसारखा लाल झालेला. सुट्टी मिळाली की काळी आखूड चड्डी घालून, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलवर वाकून सायकल पळवायचा. लोक त्याला चड्डीवाला साहेब म्हणायचे. एकदा मोहगावच्या पुढच्या चढावर तो माझ्या बाजूनं निघून गेला. मला कोण जाणे काय झालं, मी कॅरियरवर पिठाचं ओझं असतानाही उभी राहून पायडल मारायला लागले आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिले. त्यानं तीनदा वळून पाहिलं. चढ संपल्यावर थांबला, माझ्या सायकलीकडं पाहिलं, पिठाच्या पिशवीला हात लावून वजन पाहिलं आणि हसत म्हणाला, "बहुत अच्छा! बहुत खराब साइकिल, बहुत अच्छा पैर." फिटर लोकांकडून शिकलेली त्याची हिंदी तेवढीच होती.

पुढं पंधरा-वीस दिवसांनी जामसांवलीच्या फाट्याअलीकडं तो मला रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. कापसाच्या बंडीचा बैल बुजला होता, ह्यानं सायकल वळवली आणि गिट्टीवरून घसरला. गुडघा पार फाटला होता. बंडीवाला बिचारा हात जोडून उभा. बसचा पत्ता नाही. मी माझं सगळं ओझं आणि त्याची सायकल चहाच्या टपरीवर ठेवली, माझ्या ओढणीनं त्याचा गुडघा करकचून बांधला आणि कॅरियरवर हात मारून म्हटलं, "बैठो." त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा कॅरियरकडं. मग बसला. सौंसरात शिरलो तेव्हा मागून दहा-बारा पोरं पळत होती, आणि साहेब रक्तबंबाळ पाय पुढं ताठ धरून सगळ्यांना हात दाखवत होते. दवाखान्याच्या पायरीशी माय उभी होती.

"हा कोण आणला?"

"इटलीचा हाय."

"इटलीचा असो नाही तं तिगावचा," माय म्हणाली, "पाय सरळ ठेव म्हणा त्याले."

टाके पडले. त्यानंतर कित्येक दिवस साहेब ड्रेसिंगला येत राहिले आणि मायच्या हातचं वरण-भात खाऊन जात राहिले. तूप वाढलं की डोळे मिटायचे. मायला ते 'सिस्टर' म्हणायचे, आणि दवाखान्यात सगळेच तिला सिस्टर म्हणत असले तरी माय म्हणायची की ह्याच्या तोंडून ते बहीण म्हटल्यासारखंच वाटते.

डिसेंबरात यंत्रं बसून झाली, साहेबांचं परत जायचं ठरलं. त्यांच्याकडं सायकली दोन होत्या. यंत्रांच्या खोक्यांतून भुश्यात गुंडाळून आलेल्या. एक त्यांची स्वतःची. दुसरी त्यांच्यासोबत आलेल्या तरुण मदतनीस इंजिनिअरची, जो कावीळ होऊन मध्येच विमानानं घरी गेला आणि सायकल इथंच राहिली. तो उंच होता म्हणे. परत न्यायला खोकी नव्हती. कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी गृहीतच धरलं होतं की दोन्ही त्यांच्या बंगल्यावर राहतील. त्यांचा पुतण्या राजीव नागपूरला कॉलेजात होता, सायकलीच्या शर्यती जिंकायचा. पण ब्रुनोसाहेबांनी मायला येऊन सांगितलं, "सिस्टर, लड़की को बोलो. एक साइकिल लड़की का. पहले लड़की लेगी, बाद में राजीव." आणि मला घाई करू नये म्हणून दोन शनिवार दिले. कारखान्याचा ट्रक सायकल पांढुर्ण्याला पोचवणार; एका शनिवारी एक सौंसरपर्यंत चालवत आणायची, दुसऱ्या शनिवारी दुसरी. मग सांगायचं.

आधी लाल. त्या सायकलीबद्दल आजही मला लिहायला संकोच वाटतो, इतकी मी तिच्या प्रेमात पडले होते. सिंदुरी आंब्याच्या गालासारखा लाल रंग, पुढचं चाक धरणाऱ्या काट्याला आणि मागच्या दांड्यांना आरशासारखा मुलामा, नळ्या जिथं जोडल्या होत्या तिथं बारीक कोरीव नक्षी, आणि त्या नक्षीत सोनेरी रेघ. मी ती एका बोटावर उचलली. खरंच एका बोटावर. बाबांची काळी सायकल उचलायला दोन माणसं लागायची. मागं दात्यांच्या सहा चकत्या, पुढं दोन. टायर असे बारीक की आत ट्यूब असेल यावर विश्वास बसेना; ट्यूब टायरमध्येच शिवून टाकलेली आणि सगळं मिळून चाकाला गोंदानं चिकटवलेलं. पांढुर्ण्याच्या पंक्चरवाल्या चाचांनी ते दाबून पाहिलं आणि हात झटकून म्हणाले, "बेटी, यह टायर नहीं, साँप है. इसको मैं नहीं छूता."

पांढुर्ण्याकडचा डांबरी रस्ता नुकताच झाला होता. त्यावर लाल अशी सुटली की माझ्या तोंडून आरोळी निघाली. वारा कानात शिट्ट्या वाजवायला लागला, दोन्ही बाजूंचे संत्र्याचे बगीचे हिरवे पट्टे होऊन गेले. मी मनात म्हटलं, झालं, ठरलं. पण मोहगावच्या पुढं रस्ता फुटलेला होता. गिट्टी, खड्डे, बंड्यांच्या चाकोऱ्या. तिथं लाल उडायला लागली. प्रत्येक खडा हातात यायचा, दात वाजायचे, हँडल जरासं वळवलं की ती दुप्पट वळायची. हँडल लांब होतं, मला अंग ताणून धरावं लागायचं. सौंसरला पोचले तेव्हा बोटं बधिर झाली होती आणि मायनं वाढलेला भाताचा घास मला नीट उचलता येईना. पण मी मायला सांगितलं, "लय भारी हाय." आणि मला तेच सांगायचं होतं.

पुढच्या शनिवारी राखाडी. ही साहेबांची स्वतःची. त्यांच्या गावात एक म्हातारा कारागीर हातानं सायकली बनवायचा, त्यानं तरुणपणी त्यांचं माप घेऊन बनवून दिलेली. म्हणजे माझ्या वयाएवढी तरी जुनीच. पूर्वी निळी असावी. आता राखेत नीळ मिसळल्यासारखा रंग, ठिकठिकाणी उडालेला, सीटचं चामडं तडकलेलं आणि मध्ये खोलगट. मागं पाचच चकत्या. गिअर बदलायला दांडीवर एक छोटी पट्टी, ती बोटानं ढकलायची आणि साखळीची कुरकुर थांबेपर्यंत कान देऊन राहायचं. टायर मात्र साधे, आत ट्यूब असलेले, आणि साहेबांकडं दोन जास्तीचे. नव्या डांबरावर ती लालच्या मागंच राहिली असती, हे मला पहिल्या दोन किलोमीटरमध्येच समजलं. थोडी नाराज होऊनच मी मोहगावपर्यंत गेले. फुटका रस्ता आला. मी दात आवळले, हँडल घट्ट धरलं. आणि काही झालं नाही. म्हणजे खड्डे होते, गिट्टी होती, पण सायकल ते सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन मला पुढं नेत होती. काही वेळानं माझ्या ध्यानात आलं की मी इकडंतिकडं पाहून राहिले आहे. दर्शनाच्या बायकांना मी हात केला. एका शेतात कापूस वेचणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा पदर हिरवा होता, तो मला आजही आठवतो. लालवरून येताना ह्याच रस्त्यावर मला पुढच्या चाकाखेरीज काही म्हणता काही दिसलं नव्हतं.

माझा नातू पुण्याला असतो. त्याला हल्ली अशाच जुन्या इटालियन सायकलींचं वेड लागलंय. मोबाइलवर फोटो पाठवतो, हिचा काटा किती वाकलेला, तिच्या दोन चाकांतलं अंतर किती, नळी कोणत्या पोलादाची, सगळं सांगतो आणि विचारतो, "आजी, यातली कोणती घेऊ?" राखाडी खड्ड्यांतून मऊ का जायची याचं कारण, जास्त वाकलेला काटा आणि दोन चाकांतलं लांब अंतर, मला त्याच्याकडून पन्नास वर्षांनी कळलं. मी त्याला एवढंच विचारते, "तुझ्या घरापासून रस्ता कसा आहे?"

पण तेव्हा मला हे इतकं स्पष्ट दिसत नव्हतं. रविवारी सकाळी मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यासमोर दोन्ही सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मॅनेजरसाहेब, राजीव, दोन फिटर, कंपाउंडर, माय, आणि खास सुट्टी काढून आलेले बाबा. उन्हात लाल अशी चमकत होती की तिच्याकडं पाहताना डोळे बारीक करावे लागत. सगळ्यांचे डोळे तिच्यावरच होते. राजीव तिच्याकडं पाहत होता तसं मी कोणाला जेवणाकडंही पाहताना पाहिलेलं नाही. फिटर म्हणाला, "ताई, लालच घ्या, विचार काय करता?" माय म्हणाली, "नवी हाय, टिकन बी."

मी बाबांकडं पाहिलं. बाबा पुढं झाले. रुळावर हातोडा मारून आवाजावरून रूळ ओळखणारा माणूस.  त्यांनी उकिडवं बसून बोटाच्या पेरानं आधी लालच्या नळ्या वाजवल्या, खालून वरपर्यंत. मग राखाडीच्या. मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा एकदा वाजवल्या. 

"दोनी बी चांगल्या वाजतेत," बाबा उठत म्हणाले. "आता तूच पाह्य."

सगळे हसले. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. मी ब्रुनोसाहेबांना विचारलं, "आप कौनसी लेते?"

त्यांनी बोट हलवलं. "मैं नहीं बोलेगा. मैं बोलेगा तो साइकिल मेरा. तुम बोलेगी तो तुम्हारा."

मी लालपाशी गेले. तिच्या हँडलवर हात ठेवला. घेतली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. उलट न घेण्याचंच स्पष्टीकरण द्यावं लागणार होतं, आणि माझ्याकडं ते नव्हतं. माझ्याकडं फक्त मोहगावपुढचा रस्ता होता आणि त्या बाईचा हिरवा पदर. मी लाल सोडली, राखाडी धरली आणि म्हटलं, "ही."

"पक्का?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात आनंद लपत नव्हता.

"पक्का."

राजीवनं लाल अशी झडप घालून घेतली की जणू मी मत बदलीन. मग वळून अगदी मनापासून म्हणाला, "थँक्यू, कुंदा." तो वाईट मुलगा नव्हता. ब्रुनोसाहेब पुढं आले. राखाडीजवळ बसले, खिशातून पाना काढला आणि माझ्या मापानं सीट थोडी खाली घेतली. तीन दिवसांनी ते गेले.

त्यानंतरचे दिवस मला जड गेले, हे कबूल करायला हवं. पांढुर्ण्याला जो भेटेल तो विचारायचा, "लाल सोडली म्हणते? जुनी काहून आणली?" शाळेतल्या मैत्रिणी राखाडीकडं पाहून एकमेकींकडं पाहायच्या. एका संध्याकाळी मी चूल पेटवता पेटवता रडले. बाबा म्हणाले, "धुरानं रडून राहिली का लालीनं?" मी म्हटलं, "लालीनं." त्यांनी भाकर थापटत म्हटलं, "मंग रड. पण उद्या चालव. उभी ठेवशीन त लालच आठवन."

सव्वीस जानेवारीला पांढुर्णा ते सौंसर सायकलींची शर्यत असायची. माझं नाव घालायला माय स्वतः गेली. नावं लिहून घेणारे गुरुजी चष्मा वर करून म्हणाले, "बाई, मुली नाही घेत आपण."

मायनं भिंतीवरचा कागद वाचला. "याच्यात 'स्पर्धक' लिहिलंय. मुलगा कुठं लिहिलंय?"

"तसं लिहिलं नाही, पण रीत आहे."

"तुमच्या सुनेचं बाळंतपण मी केलं तेव्हा मुलगी झाली होती ना, गुरुजी? ती मोठी झाल्यावर इथं आली तं तुमी तिले काय सांगसान?"

गुरुजींनी चष्मा खाली घेतला. मग टाक उचलला.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. तीस-बत्तीस जण होतो. बहुतेक काळ्या सायकली, मडगार्ड काढलेल्या. गिअरवाल्या दोनच, लाल आणि राखाडी. "इटलीच्या सायकलीवर काय, कोणीबी जिंकते," असं पुढं बरेच जण म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मोहगावचा एक दूधवाला काळ्या सायकलीवर मोहगावापर्यंत आमच्यासोबत राहिला. त्या दिवशीचे सगळ्यांत दमदार पाय त्याचे होते, हे मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते. पण लाल आणि राखाडीमधली गोष्ट आमची आमची होती. मायनं आदल्या दिवशी धावती भेट देऊन माझ्या सलवारीच्या मोहऱ्या दवाखान्याच्या पट्टीनं घोट्याशी बांधून पाहिल्या होत्या, साखळीत अडकू नयेत म्हणून. सकाळी बाबांनी त्या पुन्हा बांधल्या आणि एवढंच म्हणाले, "पडशीन त उठजो."

शिट्टी झाली आणि राजीव गेला. नव्या डांबरावर लाल कशी पळते हे मला कोणी सांगायला नको होतं. दोन वळणांत तो दिसेनासा झाला. मी पाय सुटू दिले नाहीत, पण ओढलेही नाहीत. मोहगावात लोक दोन्ही बाजूंना उभे होते, कोणीतरी ओरडलं, "लय पुढं गेला तो! आता नाही भेटत!" मी पाणीसुद्धा प्याले नाही. गाव संपलं, डांबर संपलं, आणि राखाडीनं माझ्याखाली तो फुटका रस्ता ओळखीच्या माणसासारखा पकडला. मी गिअरची पट्टी ढकलली, साखळीची कुरकुर ऐकली, थांबली तिथं सोडली आणि पाय लावले. गिट्टी चाकांखालून कडकड उडत होती. एक चढ, एक उतार. दुसऱ्या उताराच्या खाली मला लाल दिसली. राजीव रस्त्याच्या कडेकडेनं, खड्डे चुकवत, जवळपास उभ्यानं चालवत होता. त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. मला त्याचे हात कसे झाले असतील ते माहीत होतं.

जामसांवलीच्या फाट्याशी मी त्याला गाठलं. तिथं बायकांचा घोळका उभा होता, आणि त्यांनी जो गलका केला तो मी आयुष्यात विसरणार नाही. "नर्सबाईची पोरगी! नर्सबाईची पोरगी!" राजीवनं मान वळवून पाहिलं, खरोखर चकित झाला, आणि मग दात खाऊन सुटला. तिथून पुढं पुन्हा बरा रस्ता लागत होता. लालचा रस्ता. तो मला मागं टाकणार हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्याचे हात गेले होते आणि माझे शाबूत होते. सौंसरच्या अलीकडच्या शेवटच्या चढावर तो गिअर बदलायला हात खाली न्यायचा आणि बोटं पट्टी पकडायची नाहीत. मी उभी राहिले. छातीत भाता चालला होता, तोंडात रक्ताची चव आली होती, आणि तरी मला इतका आनंद होत होता की मी मोठ्यानं हसत होते. राजीवनं पुढं मला सांगितलं की त्याला त्या हसण्याचीच भीती वाटली. चढाच्या माथ्यावर आम्ही बरोबर होतो. शाळेच्या मैदानात चुन्याची रेघ आखलेली होती. मी शेवटच्या वळणावर आतून गेले. रेघेवरून माझं पुढचं चाक गेलं, आणि मग त्याचं. एका चाकाचा फरक, जास्त नाही.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. लोकांचा आवाज. कोणीतरी माझी सायकल धरली. पांढऱ्या साडीतली माय गर्दी बाजूला सारत आली, आणि मिठी नाही, काही नाही, आधी माझं मनगट धरून शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत नाडी मोजायला लागली. "माय, म्या जिंकली," मी म्हटलं. "गप राह्य, मोजून राहिली ना," ती म्हणाली, आणि मोजता मोजता तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं. मोजणं चुकलं. तिनं पुन्हा सुरू केलं. शर्यतीच्या मागून येणाऱ्या ट्रकमधून बाबा उतरले तेव्हा त्यांना कोणी काही सांगायची गरज पडली नाही. राजीव बधिर हातांनी टाळ्या वाजवत होता. त्या वाजत नव्हत्या, पण तो वाजवत होता.

साहेबांना मी इंग्रजीच्या बाईंकडून तपासून घेऊन पत्र लिहिलं. त्यात एकच महत्त्वाचं वाक्य होतं, की तुमची सायकल पहिली आली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात माझं वाक्य खोडून दुरुस्त केलेलं होतं: माझी नाही, तुझी.

शर्यतीच्याच दिवशी झालेल्या बक्षीस समारंभाला मात्र गंमत झाली होती. दरवर्षी पहिला मुलगाच येणार म्हणून बक्षीस ठरलेलं असायचं, पँट-शर्टाचं कापड. ह्या वर्षीही तेच बांधून तयार होतं. गुरुजींनी ते हातात घेतलं, माझ्याकडं पाहिलं, आणि माइकवरच म्हणाले, "आता याचं काय करायचं?" मैदानात हशा पिकला. कोणी म्हणालं, बाबाले द्या. कोणी म्हणालं, साडी आणून देऊ. मी जाऊन दोन्ही हातांनी ते कापड घेतलं. तपकिरी पँटचं आणि पिवळसर शर्टाचं. छान, जाड, सुती कापड होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी ते पांढुर्ण्याच्या बाजारातल्या शिंप्याकडं नेलं. त्यानं कापड पसरलं, बोटांनी चोळून पाहिलं, कानावरचा खडू काढला आणि विचारलं, "कोणाचं शिवायचं? बापाचं माप आणलं का?"

"माप घ्या," मी म्हटलं, आणि हात बाजूला करून सरळ उभी राहिले.

त्यानं दुकानाबाहेर पाहिलं. बाहेर लोक होते. मग त्यानं टेप माझ्या कमरेला लावला. आठ दिवसांनी ती पँट घालून मी राखाडीवर बसले आणि स्टेशनापासून बाजारातून, गोदामांवरून, शाळेपर्यंत गेले. ज्यांना पाहायचं होतं त्यांना नीट पाहता यावं म्हणून सावकाश.